राज्याची वाढ खरोखर स्वच्छ आहे का? आर्थिक वाढ आणि कार्बन उत्सर्जन यांचे नाते राज्यनिहाय कसे तपासावे

गोवा आणि छत्तीसगड ही दोन राज्ये एका आलेखावर शेजारी ठेवली, एका अक्षावर दरडोई उत्पन्न आणि दुसऱ्या अक्षावर राज्याच्या हद्दीतील वीज केंद्रांचा व कारखान्यांचा धूर मांडला, तर पाहणाऱ्याला वाटते की श्रीमंती आणि कार्बन यांचा फारसा संबंध नसावा. गोवा हे देशातील सर्वाधिक दरडोई उत्पन्नाच्या राज्यांपैकी एक आहे आणि तेथे एकही मोठे औष्णिक वीज केंद्र नाही. छत्तीसगडचे दरडोई उत्पन्न त्याच्या तुलनेत बरेच कमी आहे आणि तेथे कोरबा व सीपतची औष्णिक वीज केंद्रे आणि भिलाईचा पोलाद कारखाना आहे. या आलेखातील आकडे बरोबर असू शकतात, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष बहुधा फसवा असतो, कारण गोव्यातील हॉटेले आणि कारखाने ज्या विजेवर चालतात तिचा मोठा वाटा कोरबा आणि विंध्याचल यांसारख्या केंद्रांतूनच येतो. धूर कुठे नोंदला गेला आणि त्याचा लाभ कुठे मिळाला, या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्याशिवाय कोणत्याही राज्याच्या वाढीला स्वच्छ किंवा मळकट म्हणू नये, असे माझे मत आहे. पुढील पद्धत त्याच मतावर उभी आहे. अर्थशास्त्राचे किंवा पर्यावरणशास्त्राचे विद्यार्थी, पत्रकार आणि धोरणविषयक टिपणे तयार करणारे अधिकारी यांना ती साध्या तक्तापत्रकावर (स्प्रेडशीटवर) वापरता येईल.

प्रश्न आधी नक्की करा

आर्थिक वाढ आणि उत्सर्जन यांच्याविषयी तीन निरनिराळे प्रश्न विचारता येतात आणि चर्चेत ते सर्रास एकमेकांत मिसळतात. एकूण उत्सर्जन वाढले की घटले, हा पहिला प्रश्न. उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागे किती उत्सर्जन होते, म्हणजेच उत्सर्जन तीव्रता किती, हा दुसरा. आणि उत्पन्न १ टक्क्याने वाढले तर उत्सर्जन किती टक्क्यांनी वाढते, म्हणजेच उत्सर्जनाची उत्पन्न-लवचिकता किती, हा तिसरा. यांपैकी एकाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी देणे ही या विषयातील सर्वांत सामान्य गफलत आहे.

भारताचेच उदाहरण घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल आराखडा कराराखाली भारताने डिसेंबर २०२४ मध्ये सादर केलेल्या अहवालानुसार २००५ ते २०२० या काळात देशाच्या सकल उत्पन्नाची उत्सर्जन तीव्रता ३६ टक्क्यांनी घटली. ही घट खरी आहे आणि लहानही नाही. परंतु तिचा अर्थ उत्सर्जन ३६ टक्क्यांनी घटले असा होत नाही. तीव्रता पूर्वीच्या ०.६४ पट झाली आणि त्याच काळात उत्पन्न दुप्पट झाले असे धरले, तरी उत्सर्जन १.२८ पट, म्हणजे २८ टक्क्यांनी अधिक होते. २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत तीव्रता ४५ टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट भारताने ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर केले. ते पूर्ण झाले आणि दरम्यान उत्पन्न तिप्पट झाले, तर ०.५५ गुणिले ३ या साध्या गुणाकाराने उत्सर्जन १.६५ पट येते. वाढत्या अर्थव्यवस्थेने तीव्रतेचे उद्दिष्ट ठेवण्यात गैर काही नाही, पण वाचकाला ते एकूण कपातीचे उद्दिष्ट वाटेल अशा शब्दांत मात्र लिहू नये.

याच टप्प्यावर कोणता वायू मोजायचा हेही ठरवावे. केवळ कार्बन डायऑक्साइड घेतला तर कोळसा, तेल आणि सिमेंट असलेली राज्ये पुढे दिसतात. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड धरून सर्व हरितगृह वायू घेतले तर उत्तर प्रदेश, बिहार, पंजाब अशा पशुधनाच्या व भातशेतीच्या राज्यांचा वाटा वाढतो. उपरोक्त अहवालातील २०२० च्या हिशेबात ऊर्जा क्षेत्राचा वाटा सुमारे ७६ टक्के आणि शेतीचा सुमारे १४ टक्के आहे. आर्थिक वाढीशी असलेले नाते तपासायचे असेल तर सुरुवात कार्बन डायऑक्साइडपासून करणे सोयीचे पडते, कारण गुरांची संख्या उत्पन्नाबरोबर कारखान्यांच्या वेगाने हलत नाही.

उत्पन्नाची आकडेवारी

राज्याचे स्थूल उत्पन्न, म्हणजे राज्यात वर्षभरात झालेल्या उत्पादनाचे मोल, नेहमी स्थिर किंमतींनुसार, म्हणजे एका ठरावीक पायाभूत वर्षाच्या किंमतींनुसार घ्यावे. चालू किंमतींनुसार घेतल्यास महागाईच वाढ म्हणून मोजली जाते, भागाकारातला छेद फुगतो आणि कोणतेही राज्य विनासायास स्वच्छ होत असल्याचा भास निर्माण होतो. रिझर्व्ह बँकेच्या राज्यांविषयीच्या वार्षिक सांख्यिकी पुस्तिकेत सर्व राज्यांच्या मालिका एकत्र मिळतात. महाराष्ट्रापुरते पाहायचे असेल तर अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ अधिक तपशील देते. पायाभूत वर्ष बदलले की जुनी आणि नवी मालिका थेट जोडता येत नाही. २००४-०५ च्या मालिकेतील शेवटचे आकडे आणि २०११-१२ च्या मालिकेतील पहिले आकडे ज्या वर्षी एकत्र उपलब्ध आहेत, त्या वर्षीचे गुणोत्तर काढून जुनी मालिका त्या गुणोत्तराने गुणावी आणि तसे केल्याचे तळटीपेत सांगावे.

राज्यांच्या हद्दी बदलल्या आहेत हेही विसरू नये. छत्तीसगड, झारखंड आणि उत्तराखंड नोव्हेंबर २००० मध्ये झाले, तेलंगणा जून २०१४ मध्ये. त्यामुळे आंध्र प्रदेशाची लांब मालिका घेताना दोन्ही राज्ये एकत्र धरावीत किंवा मालिकाच २०१४ नंतर सुरू करावी.

उत्पन्नाच्या आकड्याच्या दोन मर्यादा उत्सर्जनाच्या अभ्यासात विशेष जाणवतात. रेल्वे, दळणवळण, बँकिंग यांसारख्या क्षेत्रांचे उत्पन्न देशपातळीवर काढून नंतर काही निर्देशकांच्या आधारे राज्यांत वाटले जाते, त्यामुळे तो भाग त्या राज्यात प्रत्यक्ष मोजलेला नसतो. दुसरी मर्यादा केरळची आहे. आखाती देशांतून येणारा पैसा राज्याच्या स्थूल उत्पन्नात धरला जात नाही, कारण ते उत्पादन केरळमध्ये झालेले नसते. पण त्या पैशातून घेतलेल्या मोटारीचे पेट्रोल मात्र केरळमध्येच जळते. परिणामी केरळची तीव्रता एका बाजूने अवाजवी जास्त दिसते आणि बाहेरून येणाऱ्या विजेमुळे दुसऱ्या बाजूने अवाजवी कमी. दोन विरुद्ध दिशांच्या चुका एकमेकींना खातात म्हणून येणारा आकडा बरोबर असतो असे समजू नये.

उत्सर्जनाची आकडेवारी

भारत आपला अधिकृत उत्सर्जन हिशेब राष्ट्रीय पातळीवर सादर करतो. राज्यनिहाय तयार मालिका हवी असेल तर अनेक संशोधन संस्थांनी मिळून चालवलेल्या ‘जीएचजी प्लॅटफॉर्म इंडिया’ या उपक्रमाचे २००५ पासूनचे अंदाज वापरता येतात. तरीही एका तरी राज्याचा हिशेब स्वतः मांडून पाहावा, कारण त्याखेरीज आकड्यांतील गृहीतके हाताला लागत नाहीत.

त्यासाठी लागणारी सामग्री सार्वजनिक आहे. वीज केंद्रनिहाय निर्मिती केंद्रीय विद्युत प्राधिकरण प्रसिद्ध करते आणि त्याच संस्थेचा कार्बन डायऑक्साइडविषयीचा संदर्भसंच प्रत्येक औष्णिक केंद्राचे उत्सर्जन देतो. पेट्रोल, डिझेल आणि स्वयंपाकाच्या गॅसची राज्यनिहाय विक्री पेट्रोलियम मंत्रालयाच्या नियोजन व विश्लेषण कक्षाकडे मिळते. कोळसा कोणत्या राज्यात किती पाठवला गेला, हे कोळसा नियंत्रकांच्या वार्षिक प्रकाशनात असते. मग इंधनाचे प्रमाण गुणिले उत्सर्जन गुणांक असा हिशेब करायचा: एका लिटर पेट्रोलमागे सुमारे २.३ किलो आणि डिझेलमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. सिमेंटसाठी इंधनाबरोबरच चुनखडी भाजताना सुटणारा वायूही धरावा लागतो. एक टन क्लिंकरमागे, म्हणजे भाजून तयार झालेल्या कच्च्या सिमेंटमागे, तो सुमारे अर्धा टन असतो. पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखाने उसाच्या चिपाडावर वीज तयार करतात, तिचा कार्बन डायऑक्साइड मात्र आंतरराष्ट्रीय संकेतानुसार ऊर्जा क्षेत्राच्या बेरजेत घेत नाहीत, कारण तो उसाने त्याआधी हवेतूनच घेतलेला असतो.

विक्रीच्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. इंधन जेथे विकले गेले तेथे नोंदले जाते, जेथे जळले तेथे नव्हे. गोव्याने २०१२ मध्ये पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर जवळजवळ काढून टाकला तेव्हा सिंधुदुर्गातील वाहनचालकांना सीमेपलीकडे टाकी भरणे परवडू लागले होते. कर बदलला त्या वर्षी सीमावर्ती राज्यांच्या विक्रीत अचानक उडी दिसली तर तिचे श्रेय आर्थिक वाढीला देऊ नये.

हद्दीचा प्रश्न

सगळ्या हिशेबात सर्वाधिक काळजी येथे घ्यावी लागते आणि प्रदेशांमधील बराचसा दृश्य फरक येथेच निर्माण होतो. मध्य प्रदेशातील सिंगरौली जिल्ह्यातील विंध्याचल हे ४,७६० मेगावॅटचे केंद्र पश्चिम भारतातील अनेक राज्यांना वीज देते, पण त्याचा सगळा धूर मध्य प्रदेशच्या खात्यात जातो. गुजरातमधील मुंद्रा येथील ४,००० मेगावॅटचा आयात कोळशावरचा प्रकल्प गुजरातसह महाराष्ट्र, राजस्थान, पंजाब आणि हरियाणा या ५ राज्यांशी केलेल्या करारांवर उभा राहिला. उत्सर्जन मात्र गुजरातचे. भिलाईच्या कारखान्यातले रूळ देशभर अंथरले जातात आणि त्यांच्या पोलादाचा कार्बन छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यात मोजला जातो. जामनगरची प्रचंड तेलशुद्धीकरण क्षमता जे इंधन निर्यात करते, त्याच्या शुद्धीकरणाचा धूर गुजरातचा आणि ज्वलनाचा धूर परक्या देशाचा.

हे अपघाताने घडलेले नाही. खनिजे पूर्वेला आणि मध्य भारतात असली तरी १९५० च्या दशकापासून १९९३ पर्यंत राबवलेल्या वाहतूक भाडे समानीकरणाच्या धोरणामुळे पोलादासारखा माल देशात कोठेही जवळजवळ त्याच दराने मिळत असे, त्यामुळे खाणींजवळ पुढचे उद्योग उभारण्याचे आकर्षण उरले नाही. खनिज वितळवण्याचे, भरपूर ऊर्जा खाणारे काम झारखंड, ओडिशा आणि छत्तीसगडमध्ये राहिले, आणि त्याच धातूपासून मोटारी, यंत्रे व उपकरणे बनवण्याचे, जास्त मोल मिळवून देणारे काम महाराष्ट्र, तमिळनाडू आणि गुजरात येथे गेले. एका टनामागे जास्त रुपये मिळवणारे राज्य साहजिकच कमी तीव्रतेचे, म्हणजे स्वच्छ दिसते. त्यात तंत्रज्ञानाचा आणि व्यवस्थापनाचा भाग आहे, पण तो किती हे धोरणाचा इतिहास बाजूला ठेवून सांगता येणार नाही.

यावर उपाय म्हणून दोन खाती ठेवावीत. पहिल्या खात्यात राज्याच्या हद्दीत झालेले उत्सर्जन असेल. दुसऱ्यात त्यात बाहेरून आलेल्या निव्वळ विजेचे उत्सर्जन मिळवावे किंवा बाहेर गेलेल्या विजेचे वजा करावे. पोलाद, सिमेंट आणि इतर मालाचा असाच हिशेब करण्यासाठी राज्या-राज्यांमधील व्यापाराची तपशीलवार सारणी लागते, म्हणून सर्वसाधारण अभ्यासकाने विजेवर थांबावे आणि मालाविषयी शब्दांत लिहावे.

विजेसाठी कोणता गुणांक घ्यायचा, यावर मतभेद होऊ शकतात. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेल्यावर दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी एका लयीत आले आणि तेव्हापासून संपूर्ण देशासाठी एकच सरासरी गुणांक वापरण्याला तांत्रिक आधार आहे. हा गुणांक एके काळी युनिटमागे सुमारे ०.८ किलो होता, अलीकडे तो ०.७ किलोच्या आसपास आला आहे. दुसरा मार्ग म्हणजे राज्याचे ज्या केंद्रांशी करार आहेत त्यांचे गुणांक घेणे. गोव्यासारख्या, केंद्र सरकारच्या कंपन्यांच्या कोळसा वीज केंद्रांतील वाट्यावर विसंबलेल्या राज्यासाठी दुसरा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो. अनेक राज्यांच्या तुलनेसाठी पहिला. मात्र एका राज्याला एक आणि दुसऱ्याला दुसरा नियम लावू नये. तसेच केंद्रात निर्माण झालेली वीज आणि केंद्राबाहेर पडलेली वीज यांत फरक असतो, कारण कोळशाचे केंद्र स्वतःच आपल्या निर्मितीतील काही टक्के वीज वापरते. गुणांक ज्या विजेसाठी दिला आहे तीच संख्या गुणावी.

हिशेब प्रत्यक्ष कसा मांडावा

फिनलंडचे संशोधक पेट्री टापिओ यांनी २००५ मध्ये युरोपातील वाहतुकीच्या अभ्यासात मांडलेली चौकट यासाठी उपयोगी आहे. उत्सर्जनातील टक्केवारी बदलाला उत्पन्नातील टक्केवारी बदलाने भागायचे. उत्पन्न वाढत असताना भागाकार ० ते ०.८ आला तर क्षीण फारकत (उत्सर्जन वाढते, पण उत्पन्नापेक्षा मंद गतीने), ०.८ ते १.२ आला तर दोन्हींची सोबत, १.२ च्या वर गेला तर उत्सर्जन वाढीच्याही पुढे धावते आहे, आणि उत्पन्न वाढत असताना उत्सर्जन घटले तर ठाम फारकत.

एक काल्पनिक राज्य घेऊ. समजा दहा वर्षांत त्याची लोकसंख्या १.१ पट आणि दरडोई वास्तविक उत्पन्न १.५ पट झाले, म्हणजे एकूण उत्पन्न १.६५ पट झाले. हद्दीतले उत्सर्जन ५ कोटी टनांवरून ६.२७ कोटी टनांवर गेले, म्हणजे २५.४ टक्क्यांनी वाढले. २५.४ भागिले ६५ म्हणजे सुमारे ०.३९; राज्य क्षीण फारकतीच्या गटात, आणि वृत्तपत्रात मथळा देण्याजोगे. आता दुसरे खाते उघडू. सुरुवातीच्या वर्षी राज्य बाहेरून निव्वळ ५०० कोटी युनिट वीज घेत होते, ०.८ किलोच्या गुणांकाने त्याचे ४० लाख टन होतात. शेवटच्या वर्षी ते ३,००० कोटी युनिट घेऊ लागले, ०.७ किलोने त्याचे २.१ कोटी टन होतात. आता सुरुवातीची बेरीज ५.४ कोटी टन, शेवटची ८.३७ कोटी टन, वाढ ५५ टक्के, आणि लवचिकता सुमारे ०.८५. तेच राज्य, तीच दहा वर्षे, पण गट बदलला. जाळ्यातील वीज दरम्यानच्या काळात स्वच्छ झाली होती हे ध्यानात घेऊनही बदलला, ही बाब महत्त्वाची आहे.

भागाकाराचे चिन्ह वाचताना सावध राहावे. उणे लवचिकता दोन अगदी विरुद्ध परिस्थितींत येते: उत्पन्न वाढले आणि उत्सर्जन घटले तेव्हा, आणि उत्पन्न घटले असूनही उत्सर्जन वाढले तेव्हा. पहिली सर्वांत चांगली अवस्था आहे आणि दुसरी सर्वांत वाईट. तसेच दोन्ही घटले तर भागाकार धन येतो आणि मंदी ही सुरळीत वाढीसारखी भासते. म्हणून तक्त्यात लवचिकतेच्या आधी दोन्ही बदलांची दिशा लिहिणारे रकाने असलेच पाहिजेत.

लवचिकता किती, हे कळल्यावर ती तशी का, हे पाहण्यासाठी जपानी ऊर्जातज्ज्ञ योइची काया यांचे सूत्र वापरावे. उत्सर्जन म्हणजे लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, उत्पन्नाच्या रुपयामागील ऊर्जा आणि ऊर्जेच्या एककामागील कार्बन या चार घटकांचा गुणाकार होय. आपल्या काल्पनिक राज्यात पहिले दोन घटक १.१ आणि १.५ पट झाले. समजा रुपयामागील ऊर्जा ०.८ पट आणि ऊर्जेमागील कार्बन ०.९५ पट झाला. चौघांचा गुणाकार १.२५४ येतो, म्हणजे वर काढलेली २५.४ टक्के वाढ. कोणत्या घटकाचा वाटा किती हे सांगण्यासाठी प्रत्येकाचा नैसर्गिक लॉगरिदम घ्यावा, म्हणजे गुणाकाराची बेरीज होते आणि वाटे वेगळे वाचता येतात: ०.०९५, ०.४०५, उणे ०.२२३ आणि उणे ०.०५१. यांची बेरीज ०.२२६ होते. ऊर्जेच्या काटकसरीने वाढ रोखण्यात मोठा वाटा उचलला आणि इंधन बदलाचा वाटा अगदी किरकोळ होता, हे येथे लगेच दिसते. अर्थात रुपयामागील ऊर्जा घटणे म्हणजे कारखान्यांनी काटकसर केली असेच नव्हे. कारखान्यांपेक्षा सेवा क्षेत्र वेगाने वाढले तरीही हाच आकडा येतो. बंगळूरुमुळे कर्नाटकाच्या आणि मुंबई-पुण्यामुळे महाराष्ट्राच्या आकड्यांत हा परिणाम हमखास असतो, म्हणून उद्योग, शेती आणि सेवा यांचे उत्पन्न वेगळे करून उद्योगापुरती तीव्रता स्वतंत्रपणे काढावी.

वर्षांची निवड

दोन टोकांची वर्षे निवडून कोणताही निष्कर्ष काढता येतो, त्यामुळे सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येकी तीन वर्षांची सरासरी घ्यावी आणि २०२०-२१ हे टाळेबंदीचे वर्ष कोणत्याही टोकाला ठेवू नये. गोव्यात २०१२ मध्ये लोहखनिज उत्खनन थांबल्यावर राज्याचे उत्पन्न घसरले. त्या वर्षापासून सुरू केलेली मालिका पुढील वाढ फुगवून दाखवते आणि त्या वर्षी संपवलेली मालिका ती दाबून टाकते. मराठवाड्यात २०१३ च्या दुष्काळात पाणी नसल्यामुळे परळीचे औष्णिक केंद्र बंद ठेवावे लागले होते. कागदावर त्याने बीड जिल्ह्याचे उत्सर्जन घटवले, पण ती घट कोणत्याही अर्थाने प्रगती नव्हती, आणि ती वीज दुसरीकडे कोळसा जाळूनच भरून काढली गेली असणार. पावसाचा परिणाम उलट दिशेनेही होतो. कोयना, इडुक्की किंवा शरावती येथील जलविद्युतची धरणे भरली नाहीत की त्या वर्षी तेवढा कोळसा जास्त जळतो.

लहान राज्यांत एखादा प्रकल्प सगळा आलेख वळवतो. सिक्कीममध्ये १,२०० मेगावॅटचा तिस्ता-३ प्रकल्प २०१७ मध्ये सुरू झाल्यावर राज्याच्या उत्पन्नात धुराविना भर पडली. ४ ऑक्टोबर २०२३ च्या हिमसरोवर फुटीच्या पुरात त्याचे धरण वाहून गेले. अशा राज्याची लवचिकता काढता येते, पण तिच्यावरून धोरणाचा धडा घेता येत नाही.

राज्यांची एकमेकांशी तुलना

दरडोई उत्पन्न एका मर्यादेपलीकडे गेले की प्रदूषण आपोआप उतरू लागते, अशी उलट्या यू आकाराच्या वक्राची कल्पना अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांच्या नावाने ओळखली जाते, जरी कुझनेट्स यांचे मूळ काम उत्पन्नातील विषमतेवर होते. १९९० च्या दशकाच्या आरंभी सल्फर डायऑक्साइड आणि धूलिकण यांच्याबाबत तसा आकार आढळला तेव्हा तिला बळ मिळाले. सल्फर डायऑक्साइडचा त्रास शेजाऱ्यालाच होतो, त्यामुळे लोक तक्रार करतात आणि चिमणीवर यंत्रणा बसते. कार्बन डायऑक्साइड जगभर पसरतो, नाकाला झोंबत नाही, आणि त्याच्याविरुद्ध स्थानिक दबाव तयार होत नाही. त्यामुळे राज्यांच्या आलेखावर असा वक्र उमटलाच तर तो श्रीमंतीचा परिणाम आहे की श्रीमंत राज्यांनी धूर हद्दीबाहेर ठेवल्याचा, हे दुसऱ्या खात्यावरून तपासल्याखेरीज त्याचा उल्लेख करू नये.

एका वर्षाच्या आलेखावर सर्व राज्यांचे बिंदू मांडून रेषा काढली तर ती राज्यांमधील फरक दाखवते. बिहार उद्या श्रीमंत झाल्यावर गुजरातसारखा धूर सोडेल की केरळसारखा, हे ती सांगत नाही. प्रत्येक राज्याची त्याच्या स्वतःच्या भूतकाळाशी तुलना करावी आणि संख्याशास्त्रीय प्रतिमान वापरायचे असल्यास प्रत्येक राज्याला स्वतंत्र स्थिरांक देऊन, म्हणजे राज्याराज्यांतील कायमचे फरक बाजूला काढून, काळानुरूप बदलांवरच लवचिकता काढावी. त्यातही सर्व राज्यांसाठी एकच लवचिकता काढण्याऐवजी सारख्या जडणघडणीच्या राज्यांचे गट करणे मला अधिक उपयोगी वाटते. झारखंड, छत्तीसगड आणि ओडिशा या कोळसा व धातूंच्या पट्ट्यात उत्पन्न आणि उत्सर्जन यांची गाठ घट्ट आहे, कारण तेथे उत्पन्नच जळणातून आणि वितळवण्यातून येते. गुजरात, महाराष्ट्र आणि तमिळनाडू येथे अवजड उद्योग आणि सेवा दोन्ही मोठ्या प्रमाणावर असल्याने सरासरी आकडा आतील फरक झाकतो. हिमाचल प्रदेशात आणि सिक्कीममध्ये जलविद्युत आहे. केरळ, गोवा आणि दिल्ली ही बरीचशी वीज बाहेरून घेणारी आहेत. त्यांची पहिल्या खात्यावरची कामगिरी तुलनेत घेऊच नये.

हे चित्र भारतापुरतेच आहे असेही नाही. बीजिंगने २०१७ मध्ये आपले शेवटचे मोठे कोळसा वीज केंद्र बंद केले, तर त्या भागाला वीज पुरवणाऱ्या चीनच्याच इनर मंगोलिया प्रदेशात कोळसा जळतच राहिला. ब्रिटनने मात्र १९९० नंतर हद्दीतील उत्सर्जन निम्म्याच्या आसपास आणले आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी शेवटचे कोळसा केंद्र बंद केले, तेही अर्थव्यवस्था वाढत असताना. आयात मालाचा कार्बन धरला तर ब्रिटनची घट कमी होते, तरी शून्यावर येत नाही. ठाम फारकत अशक्य नाही, एवढे त्यावरून म्हणता येते.

राज्याच्या आत

महाराष्ट्रात हीच पद्धत जिल्ह्यांना लावून पाहण्याजोगी आहे. चंद्रपूरचे महानिर्मितीचे (राज्य सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीचे) केंद्र २,९२० मेगावॅटचे, गोंदियातील तिरोड्याचे ३,३०० मेगावॅटचे, शिवाय नागपूरजवळ कोराडी व खापरखेडा; राजुरा-कोरपना परिसरात सिमेंटचे कारखाने. विदर्भात तयार होणारी वीज आणि सिमेंट यांचा मोठा ग्राहक मुंबई, ठाणे आणि पुणे या पट्ट्यात आहे. जिल्ह्यांच्या उत्पन्नाचे अंदाज अर्थ व सांख्यिकी संचालनालय देते, पण ते राज्याच्या अंदाजांपेक्षा ढोबळ असतात, म्हणून जिल्ह्यांची लवचिकता दशांशापर्यंत देण्याचा मोह आवरावा आणि केवळ गट सांगावा. गडचिरोलीकडे यापुढे विशेष लक्ष ठेवावे: एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे लोहखनिज आणि चामोर्शी तालुक्यातील कोनसरीचा लोह-पोलाद प्रकल्प यांमुळे तेथे उत्पन्न आणि उत्सर्जन दोन्ही जवळजवळ शून्यातून चढतील, आणि अशा चढावर लवचिकता १.२ च्या वर गेली तर तिचा दोष त्या जिल्ह्याच्या माथी मारण्यापूर्वी ते पोलाद कुठे जाणार आहे हे पाहावे.

निष्कर्ष लिहिताना

निष्कर्षाच्या वाक्यात काळ, किंमतींचे पायाभूत वर्ष, वायू, हद्दीचा नियम आणि विजेचा गुणांक या पाचही गोष्टी असाव्यात, आणि दोन्ही खात्यांचे आकडे शेजारी द्यावेत. आपल्या काल्पनिक राज्याबद्दल ते वाक्य असे होईल: ‘२०११-१२ च्या स्थिर किंमतींनुसार उत्पन्न दहा वर्षांत ६५ टक्क्यांनी वाढले, कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन राज्याच्या हद्दीत २५ टक्क्यांनी आणि राष्ट्रीय जाळ्याच्या सरासरी गुणांकानुसार आयात वीज धरून ५५ टक्क्यांनी वाढले, लवचिकता अनुक्रमे ०.३९ आणि ०.८५.’ दोन आकड्यांत एवढे अंतर असेल तर मथळ्यात पहिला एकटा वापरू नये, आणि संपादकाने एकच आकडा मागितला तर दुसरा द्यावा.